टायर आणि आमच्याकडचे ऊन

टायरचा इतिहास म्हणजे उष्णतेशी चाललेल्या झगड्याचा इतिहास होय, असे आम्ही म्हटले तर श्रोत्यांपैकी कित्येकांस ती अतिशयोक्ती वाटेल. पण आपल्या हिंगोली भागातली जुनी बैलगाडी आठवा. लोहार लाकडी चाकावर लोखंडी धाव तापवून चढवी. निवताना ती आवळे नि चाक घट्ट होई. वैशाखात लाकूड वाळून आटले की तीच धाव सैल पडे. मग गाडीवान चाके पाण्यात भिजत घाली. उन्हाळ्यात चाकाला काय सोसेल, हा प्रश्न आमच्या आजोबांपुढेही होता.

रबराची अडचण याहून मोठी. कच्चे रबर उन्हात चिकट होई नि थंडीत कडक. १८३९ साली अमेरिकेत चार्ल्स गुडइयर याने गंधक मिसळून ते तापवले, तेव्हा कुठे ते टिकाऊ झाले. हवा भरलेल्या चाकाचे पेटंट रॉबर्ट थॉमसन याने १८४५ सालीच घेतले होते. पण ते व्यवहारात आणले बेलफास्टच्या जॉन डनलॉप या पशुवैद्याने, १८८८ साली, तेही पोराच्या तीनचाकी सायकलसाठी.

आमच्या मुलखात निजामाच्या रेल्वेखात्याने जून १९३२ मध्ये बससेवा काढली. गाड्या २७ आणि नोकर १६६. त्या काळच्या टायरात दोऱ्यांचे थर एकमेकांवर तिरपे घातलेले असत. चाक फिरताना ते थर एकमेकांशी घासत नि टायर आतूनच तापे. ह्यावर १९४६ साली फ्रान्सच्या मिशेलिन कंपनीने रेडियल टायरचे पेटंट घेतले. त्यात दोरे एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत सरळ आडवे जातात नि वरून पोलादी पट्टा असतो. घर्षण कमी, म्हणून ताप कमी. आजच्या मोटारी ह्याच टायरावर धावतात.

आता आपल्या गावातही दमदार इंजिनाच्या सेडान मोटारी आल्या आहेत. वाशिम जिल्ह्यात शिरले की समृद्धी महामार्ग लागतो. त्याचा नागपूर-शिर्डी हा टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजी खुला झाला. तेथे ताशी १२० किलोमीटरची मर्यादा. त्या वेगाने, चाळीस अंशांच्या वर गेलेल्या उन्हात, तासन्‌तास सिमेंटवर धावायचे. अशा मोटारीचे जुने टायर बदलताना काय पाहावे?

माप, भार आणि वेग यांची जी खूण मोटार बनवणाऱ्याने ठरवली आहे, तिच्याखाली उतरू नये. ‘एच’ म्हणजे ताशी २१०, ‘व्ही’ म्हणजे २४०. एवढे पळायचे कोणाला आहे, असे कोणी विचारील. पण जो टायर त्या वेगाचा ताप सोसतो, त्याच्यापाशी १२० च्या वेगाला शिल्लक ताकद राहते. अनेक टायरांच्या कडेवर तापमानाची प्रतही असते. तीत ‘ए’ सर्वांत चांगली. बर्फाच्या देशातले मऊ रबर आमच्या उन्हात लवकर झिजते. ते घेऊ नये. पावसाळ्यासाठी पाणी बाहेर काढणाऱ्या रुंद खाचा हव्यात. बनावटीचा आठवडा नि वर्ष चार आकड्यांत छापलेले असते. ते वाचल्याशिवाय पैसे मोजू नयेत. दोनच टायर नवे घ्यायचे तर ते मागच्या चाकांना घालावेत. हवा गाडी निघण्यापूर्वी, टायर थंड असता तपासावी. कमी हवेचा टायर अधिक दबतो, दबला की तापतो, तापला की फुटतो.

आता जे सांगावयाचे ते आमच्या कामगार बंधूंविषयी. मोटार मालकाची, पैसा मालकाचा. पण चाकामागे पुष्कळदा पगारी ड्रायव्हर असतो. टायर झिजला हे त्याच्या हाताला प्रथम कळते. तो बोलला तर ‘अजून एक उन्हाळा निघेल’ असे उत्तर मिळते. आणि फुटला की जाब त्यालाच! खाच १.६ मिलिमीटरवर आली की टायर बाद, हा हिशेब वादाचा नव्हे. म्हणून आमची मागणी साधी आहे. टायर घ्यावयाच्या दिवशी ड्रायव्हरला दुकानात सोबत न्यावे, आणि त्याने ‘हा टायर आता बदला’ म्हटले तर त्याचा शब्द मानावा.