बागबाजारचा घाट आणि बोर्गी

सुट्टीत आम्ही दोघे कोलकात्याला जाऊन आलो. नागपूरहून गीतांजलीने हावडा. स्टेशनाबाहेर पडलं की समोरच नदी. नकाशात हुगळी, तिथल्या माणसांच्या तोंडी गंगा. उतरायची सोय बागबाजारकडे होती, आणि टॅक्सी न करता लाँचने जायचं हा आमच्या सौ.चा हट्ट.

लाँच हावडा पुलाखालून गेली. १९४३ साली खुला झालेला हा अजस्र पूल नट-बोल्टांवर नाही, रिव्हेटांवर उभा आहे. पलीकडे पायऱ्यापायऱ्यांचे घाट, अंघोळ करणारी माणसं, रंग उडालेल्या हवेल्या. शहर थकलेलं वाटलं, पण घरंदाज!

शेजारी एक आजीबाई होत्या. कुठले, म्हणून त्यांनी हिंदीत विचारलं. मराठी, नागपूरचे, म्हटल्यावर हसून म्हणाल्या, "म्हणजे बोर्गी!" नातवाला झोपवताना त्या अंगाईत हेच नाव घेतात म्हणे. मीही हसलो, पण घाट येईपर्यंत गप्पच होतो.

बोर्गी म्हणजे आपला बारगीर. शिलेदाराचा घोडा स्वतःचा, बारगिराचा सरकारी. मी तीस वर्षं शाळेत इतिहास शिकवला. १७५८ ची अटकेची मोहीम शिकवताना माझा आवाज आपोआप चढायचा. बंगालला मात्र एकच वाक्य: रघूजी भोसल्यांनी स्वाऱ्या करून चौथाई मिळवली. ते फळ्यावर लिहायचं की पुढचा धडा.

त्या वाक्यात दहा वर्षं आहेत. १७४२ साली भास्करराम कोल्हटकर नागपूरकरांची फौज घेऊन बंगालात उतरले. मुर्शिदाबादेत जगत्शेठची पेढी लुटली गेली. १७४४ मध्ये अलिवर्दीखानाने बोलणी करायला म्हणून भास्कररामांना बोलावलं आणि दगा करून मारलं. हे मी वर्गात संतापून सांगायचो. पण गंगाराम नावाच्या कवीने त्याच काळात 'महाराष्ट्र पुराण' लिहिलं, त्यात पोथ्या घेऊन पळणारे पंडित आहेत, तराजू घेऊन पळणारे सोनार आहेत, जळणारी गावं आहेत, आणि बायकांवरचे अत्याचारही. ते मी कधीच सांगितलं नाही. त्या काळी सगळ्याच फौजा असं करत, असं मनाशी म्हणून पाहिलं. पण ज्याचं घर जळलं त्याला काय त्याचं! १७५१ च्या तहात वर्षाला १२ लाख रुपये चौथाई ठरली आणि ओरिसा भोसल्यांकडे आला. माझं फळ्यावरचं वाक्य एवढ्यापुरतं खरं होतं.

कोलकात्याच्या रहिवाशांनी भीतीपोटी १७४२ मध्येच शहराभोवती खंदक खणायला घेतला. बेत ७ मैलांचा, सहा महिन्यांत ३ मैल झाला. मराठे शहरावर आलेच नाहीत, काम थांबलं. पुढे तो बुजवून वरून सर्क्युलर रोड काढला. बागबाजारात 'मराठा डिच लेन' मात्र अजून आहे. डिच म्हणजे तोच खंदक.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती गल्ली शोधून काढली. जवळच एका टपरीवर चहा घेतला. टपरीवाल्याने गाव विचारलं. मी जरा घुटमळलो, मग नागपूर म्हटलं.

त्याने संत्र्यांचा भाव विचारला.