अहमद अली : मावळत्या दिल्लीचा साक्षीदार

दिल्लीत १९१० साली जन्मलेले अहमद अली हे ‘अंगारे’ (१९३२) या उर्दू कथासंग्रहाचे एक सहलेखक. मुस्लिम समाजातील कर्मठपणावर प्रहार करणारा हा संग्रह संयुक्त प्रांताच्या सरकारने १९३३ मध्ये जप्त केला. ‘ट्वायलाइट इन दिल्ली’ ही कादंबरी मात्र त्यांनी इंग्रजीत लिहिली. १९४० मध्ये ती लंडनच्या होगार्थ प्रेसने प्रकाशित केली. १९११ च्या दरबाराच्या काळातील मीर निहालच्या घराण्याद्वारे ओसरत्या नागर संस्कृतीचा शोक तीत जेत्यांच्याच भाषेत प्रकटतो. फाळणीनंतर ते कराचीवासी झाले आणि दिल्ली त्यांना कायमची दुरावली. १९८४ मध्ये त्यांनी केलेला कुराणाचा इंग्रजी अनुवाद प्रसिद्ध झाला. कर्मठपणाशी वैर धरूनही परंपरेशी असलेले नाते त्यांनी अखेरपर्यंत जपले.