हिरोशिमाच्या आधी शिंकोलोब्वे येते

'ओपेनहायमर' हा चित्रपट आमच्या अभ्यासवर्गातल्या बहुतेक मुलामुलींनी पाहिला आहे. त्यात बॉम्बसाठी लागणारे युरेनियम आणि प्लुटोनियम किती जमले हे दाखवण्यासाठी काचेच्या भांड्यांत गोट्या टाकल्या जातात. गेल्या वर्गात एका मुलीने विचारले, "दादा, पण या गोट्या आल्या कुठून?" तीन तासांच्या चित्रपटाला या प्रश्नाचे उत्तर द्यावेसे वाटलेले नाही. म्हणून हा लेख.

तंत्रज्ञानाने जगाचे राजकारण कसे बदलले, हे सांगणारी पुस्तके अणुबॉम्बपासून सुरू होतात आणि शास्त्रज्ञ, राष्ट्राध्यक्ष, करार अशी पुढे सरकतात. एम.ए.ला आम्हीही तेच वाचले. पण तळे कोणी खोदले आणि पाणी कोणाला मिळाले, हे विचारायची सवय ज्या समाजाला महाडने लावली, त्याने हा इतिहास टेबलावरून वाचून कसे चालेल? तो खाणीतून वाचावा लागतो.

2 ऑगस्ट 1939 रोजी आईनस्टाईन यांच्या सहीचे पत्र अमेरिकेचे अध्यक्ष रूझवेल्ट यांच्यासाठी लिहिले गेले. बॉम्बची शक्यता सांगणारे पत्र म्हणून ते प्रसिद्ध आहे. त्याच पत्रात आणखी एक गोष्ट आहे, जिच्याकडे फारसे कोणी पाहत नाही. अमेरिकेतले युरेनियम निकृष्ट असून त्याचा सर्वात महत्त्वाचा साठा बेल्जियन काँगोत आहे, असे त्यात स्पष्ट म्हटले आहे. म्हणजे बॉम्बच्या कल्पनेइतकीच वसाहतही पहिल्या दिवसापासून हिशेबात होती.

काँगोतल्या कटांगा प्रांतात शिंकोलोब्वे नावाची खाण होती. मालकी युनियन मिनिएर या बेल्जियन कंपनीची. कोलोरॅडोच्या पठारावरच्या खनिजात युरेनियम एक टक्काही मिळत नसे. शिंकोलोब्वेच्या उत्तम खनिजात ते 65 टक्क्यांपर्यंत असे. कंपनीचा प्रमुख एडगर सेंजिए याने 1940 साली सुमारे 1,200 टन खनिज गुपचूप न्यूयॉर्कच्या स्टेटन आयलंडवरच्या गोदामात आणून ठेवले. सप्टेंबर 1942 मध्ये मॅनहॅटन प्रकल्पाचा अधिकारी कर्नल निकोल्स त्याच्या कार्यालयात गेला आणि हा माल अमेरिकी सैन्याने विकत घेतला. पाणी भरलेली खाण अमेरिकेच्या मदतीने पुन्हा सुरू झाली. मॅनहॅटन प्रकल्पाच्या युरेनियमपैकी सुमारे दोन-तृतीयांश काँगोतून आले.

सेंजिएला 1946 साली अमेरिकेने 'मेडल फॉर मेरिट' देऊन गौरवले. निकोल्सचे नाव पुस्तकांत आहे, त्या दिवशीची तारीखसुद्धा आहे. आणि ज्यांनी ते किरणोत्सारी दगड हाताने निवडून पोत्यांत भरले, ते? त्यांना कशासाठी राबतो आहोत हे सांगितले गेले नाही. त्यांची नावे जगाच्या इतिहासात नाहीत. गुप्ततेच्या नावाखाली खाणीचे नावसुद्धा नकाशांवरून काढले गेले. आपल्या वस्त्या गावाच्या नकाशावर कशा नसायच्या, हे ज्यांनी आजोबांकडून ऐकले आहे, त्यांना याचा अर्थ वेगळा सांगायला नको.

30 जून 1960 रोजी काँगो स्वतंत्र झाला. अवघ्या अकरा दिवसांत कटांगा फुटून निघाला, आणि त्यामागे युनियन मिनिएरचा पैसा होता. पंतप्रधान पॅट्रिस लुमुंबा यांची 17 जानेवारी 1961 रोजी त्याच कटांगात हत्या झाली. हे सगळे एकट्या युरेनियमसाठी घडले असे आम्ही म्हणत नाही. तांबे आणि कोबाल्टही होते. पण ज्या भूमीतून महासत्तेचे शस्त्र निघते, तिथल्या माणसांना स्वतःचे सरकार निवडू देणे महासत्तेला परवडत नाही, एवढे यातून दिसते.

बॉम्बसाठीचे काही युरेनियम कॅनडाच्या उत्तरेतल्या ग्रेट बेअर सरोवराच्या काठावरूनही आले. तिथले डेने आदिवासी पुरुष खनिजाची पोती पाठीवरून वाहत. पुढे कॅन्सरने इतके पुरुष गेले की त्यांच्या वस्तीला विधवांचे गाव म्हटले जाऊ लागले. 1998 साली या समाजातली काही वडीलधारी माणसे हिरोशिमाला गेली आणि आपल्या जमिनीतल्या दगडाने हा संहार झाला म्हणून तिथल्या लोकांची माफी मागून आली. बॉम्ब टाकणाऱ्या राष्ट्राने आजवर अधिकृत माफी मागितलेली नाही. पोती वाहणाऱ्यांनी मागितली.

मग चाचण्या. अमेरिकेने मार्शल बेटांवर 1946 ते 1958 या काळात 67, फ्रान्सने आधी अल्जीरियाच्या वाळवंटात आणि मग पॉलिनेशियात, ब्रिटनने ऑस्ट्रेलियातल्या मूळनिवासींच्या भूमीवर, सोव्हिएत संघाने कझाकस्तानात. भांडवलशाही असो की समाजवाद, जागा निवडताना सगळ्यांची नजर एकाच प्रकारच्या माणसांकडे गेली. बिकिनी बेटावरच्या 167 लोकांना उठवताना हे मानवजातीच्या भल्यासाठी आहे असे सांगण्यात आले. 1 मार्च 1954 च्या स्फोटानंतर राँगेलॅप बेटावर पांढरी राख पडली. लोकांना दोन दिवसांनी हलवले, आणि लगेच त्यांच्यावर किरणोत्साराचा काय परिणाम होतो याचा अभ्यास सुरू केला.

आता आपल्या देशाकडे येऊ. 1968 च्या अण्वस्त्र प्रसारबंदी करारात नियम असा आहे, की ज्यांनी 1 जानेवारी 1967 पूर्वी स्फोट केला तेच अधिकृत अण्वस्त्रधारी. बाकीच्यांनी हात लावायचा नाही. भारताने सही केली नाही. 1998 च्या चाचण्यांनंतर जसवंत सिंह यांनी अमेरिकेतल्या 'फॉरेन अफेअर्स' नियतकालिकात लेख लिहिला. त्याचे शीर्षकच 'आण्विक वर्णद्वेषाच्या विरोधात' अशा अर्थाचे होते. करार विषम आहे, हे आम्हालाही मान्य. तारखेवरून ठरणारा दर्जा आणि जन्मावरून ठरणारा दर्जा यांत साम्य आहेच. पण जागतिक व्यवस्थेत स्वतःला बहिष्कृत म्हणवून घेणाऱ्या सत्तेला आम्ही एकच विचारतो: तुमच्या खाणीत कोण उतरते?

झारखंडच्या पूर्व सिंहभूम जिल्ह्यात जादूगोडा आहे. 1967 साली युरेनियम कॉर्पोरेशन ऑफ इंडिया ही सरकारी कंपनी स्थापन झाली आणि संथाळ, हो, मुंडा आदिवासींच्या या भागात खाणकाम उभे राहिले. आयात युरेनियमवर आंतरराष्ट्रीय देखरेख असते, शस्त्रांसाठी ते वापरता येत नाही. म्हणून देशातल्या खनिजाचे एवढे महत्त्व. पण इथल्या खनिजात युरेनियम 0.1 टक्क्याहूनही कमी आहे. म्हणजे हजार किलो खडक दळला की जवळजवळ सगळाच चिखल होऊन मागे उरतो. हा चिखल साठवणारे टेलिंग पॉन्ड गावांना लागून आहेत. गर्भपात, जन्मजात व्यंग, कॅन्सर यांबद्दल गावकरी वर्षानुवर्षे बोलत आहेत; कंपनी किरणोत्साराशी संबंध नाकारते. बाहेरच्या कोणी तपासायचे म्हटले तर 1962 च्या अणुऊर्जा कायद्याने माहितीवरच पहारा बसवला होता. शिंकोलोब्वेचे नाव नकाशावरून पुसले, इथे नाव ठेवले आणि आकडे झाकले.

याच मार्शल बेटांनी 2014 साली अण्वस्त्रधारी देशांना हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात खेचले. ज्या तीन देशांविरुद्धचे खटले पुढे चालले त्यांत भारत होता. 5 ऑक्टोबर 2016 रोजी नऊ विरुद्ध सात मतांनी न्यायालयाने अधिकारक्षेत्र नसल्याचा निर्णय दिला. 2017 साली 122 देशांनी अण्वस्त्रबंदीचा नवा करार स्वीकारला. चाचण्यांनी बाधित माणसांना मदत आणि जमिनीची दुरुस्ती ही त्यात राज्यांची जबाबदारी आहे. वर्णद्वेषाची तक्रार करणारा आपला देश त्या वाटाघाटींना गेलाच नाही.

बाबासाहेबांनी ऑक्टोबर 1951 च्या राजीनाम्याच्या निवेदनात परराष्ट्र धोरणावर बोट ठेवले होते. 350 कोटींच्या महसुलातले 180 कोटी सैन्यावर जातात, हा हिशेब त्यांनी मांडला होता. सुरक्षेची किंमत कोण भरतो, हा प्रश्न विचारणे देशद्रोह नाही, हे निदान आपल्या तरुणांना तरी माहीत असावे.

1974 च्या स्फोटाला 'स्मायलिंग बुद्धा' हे नाव चिकटवले गेले आणि 11 मे 1998 चा दिवस तर बुद्धपौर्णिमेचाच होता. कोणाला विचारून, हे आम्ही इथे विचारत नाही. पण 1999 साली श्रीप्रकाश यांनी जादूगोडावर माहितीपट केला आणि त्याला नाव दिले 'बुद्धा वीप्स इन जादूगोडा'. पुढच्या अभ्यासवर्गात तो दाखवणार आहोत. 'ओपेनहायमर' पाहिलेल्या सगळ्यांनी यावे, आणि गोट्यांचा प्रश्न विचारणारीने चर्चेची सुरुवात करावी.