सूर्याचा बंब आणि वादळाचें घर

अमेरिकेच्या नकाशांत आग्नेय कोपऱ्याला जमिनीची एक जीभ समुद्रांत लोंबतांना दिसते. तोच फ्लॉरिडा प्रांत. याच्या तीन बाजूंस समुद्र, डोक्यावर कडक ऊन, आणि जूनपासून नोव्हेंबरपर्यंत केव्हां कोणतें तुफान चाल करून येईल याचा नेम नाहीं. अशा ठिकाणीं घर बांधणाऱ्यास दोन प्रश्नांचीं उत्तरें एकाच वेळीं द्यावीं लागतात : वाऱ्यापुढें तें टिकेल कसें, आणि उन्हाळ्यांत त्यांत राहवेल कसें ? नवल असें कीं, या प्रांतानें दोन्ही उत्तरें निरनिराळ्या काळीं शोधलीं, त्यांपैकीं एक सांपडलेलें पुन्हां हरवलें, आणि दोहोंची सांगड पडावयास जवळजवळ शंभर वर्षें जावीं लागलीं.

फ्लॉरिडाच्या दक्षिण टोकाशीं बेटांची एक माळ आहे. तिच्यांतील की वेस्ट या बेटावर एकोणिसाव्या शतकांत बहामा बेटांतून आलेल्या लोकांनीं वस्ती केली. त्यांत जहाजें बांधणारे सुतार पुष्कळ होते, आणि त्यांनीं घरेंहि जहाजांसारखींच बांधलीं. लांकूड लांकडाच्या खोबणींत बसवून खुंट्या ठोकलेल्या. घर जमिनीला न टेकतां खांबांवर उचललेलें, म्हणजे खालून वारा खेळावा आणि चढलेलें पाणी निघून जावें. पुढें रुंद ओसरी. खिडक्यांना झडपांचीं दारें, जीं उन्हांत अर्धवट उघडीं ठेवतां यावींत आणि वादळांत अडसर घालून बंद करतां यावींत. जहाजाच्या डेकावर असतो तसा एक झरोका छपरांत ठेवीत. माळ्यावरची उष्ण हवा त्यांतून बाहेर पडे. बेटावर गोड्या पाण्याची वाण, म्हणून छपरावरचें पावसाचें पाणी हौदांत सांठवीत. १९४२ मध्यें मुख्य भूमीवरून नळ आला, तोंपर्यंत याच हौदांवर बेटाची मुख्य भिस्त होती. पुस्तकी विद्येवांचून झालेलें हें काम इतकें सरस आहे कीं, त्यांतलीं कित्येक घरें आजहि उभीं आहेत.

पुढें १९२० नंतर सुतार मागें पडला आणि जमिनीचा दलाल पुढें आला. मायामी शहरांत घरांचा सुकाळ झाला. कशीं तरी उभीं केलेलीं घरें हातोहात विकलीं जाऊं लागलीं. १८ सप्टेंबर १९२६ रोजीं चक्रीवादळाचा मध्यभाग थेट शहरावरून गेला. वादळाच्या पोटांत वारा पडतो आणि कांहीं वेळ आभाळ निवळतें, हें उत्तरेकडून आलेल्या नवख्या रहिवाश्यांस ठाऊक नव्हतें. अरिष्ट टळलें असें समजून ते रस्त्यावर आले, आणि तेवढ्यांत उलट दिशेचा वारा सुटला. शेंकडों माणसें मेलीं. त्यानंतर शहरानें बांधकामाचे नियम कडक केले खरे. पण नियम कागदावर असणें निराळें आणि खिळा लांकडांत नीट बसणें निराळें, याचा प्रत्यय पुढें यावयाचा होता.

याच सुमारास तेथील छपरांवर एक नवी वस्तु दिसूं लागली होती. ती म्हणजे सूर्याचा बंब. १८९१ मध्यें बाल्टिमोर येथील क्लॅरेन्स केंप यानें कांचेच्या झांकणाच्या पेटींत पाण्याच्या टाक्या ठेवून उन्हानें पाणी तापविण्याचें पेटंट घेतलें. त्यांत खोट एवढीच कीं, संध्याकाळ झाली कीं पाणी निवे. १९०९ मध्यें कॅलिफोर्नियांत विल्यम बेली यानें ती खोट काढली. त्यानें तापविण्याची पेटी आणि सांठवणाची टाकी वेगळी केली. पेटींतील नळ्यांत पाणी तापे, तापलेलें पाणी हलकें म्हणून आपोआप वरच्या टाकींत चढे, आणि थंड पाणी त्याच्या जागीं खालीं येई. पंप नको, कोळसा नको. टाकीभोंवतीं उष्णता धरून ठेवणारें आच्छादन असल्यामुळें पहांटेसहि स्नानास ऊन पाणी मिळे. म्हणूनच त्यानें या बंबास ‘डे अँड नाइट’, म्हणजे ‘रात्रंदिवस’, असें नांव दिलें. कॅलिफोर्नियांत जमिनींतून ज्वालाग्राही वायु मुबलक निघूं लागल्यावर तेथें त्याचा धंदा बसला. पण १९२३ मध्यें फ्लॉरिडापुरते हक्क विकले गेले आणि बंब मायामीस पोंचला. टाकी बंबाहून उंच ठेवावी लागे, तेव्हां शोभा बिघडूं नये म्हणून छपरावर खोटें धुराडें बांधून तींत ती लपवीत. धुराडें आहे पण धूर नाहीं, असा तो प्रकार ! १९२६ च्या वादळानें हाहि धंदा झोपविला होता. १९३५ नंतर घरबांधणीसाठीं सरकारी हमीचीं कर्जें मिळूं लागलीं आणि तो पुन्हां उठला. १९४१ च्या सुमारास मायामींतील निम्म्याहून अधिक लोक सूर्यानें तापविलेलें पाणी वापरीत होते, असा इतिहासकारांचा अंदाज आहे.

मग हें सर्व गेलें कोठें ? महायुद्धांत तांब्यावर निर्बंध आले आणि नवे बंब बनेनात. युद्धानंतर विजेचे दर उतरले, विजेचे बंब स्वस्त झाले, जुन्या टाक्या गंजून फुटूं लागल्या, आणि दुरुस्तीपेक्षां भिंतींत एक बटण बसविणें लोकांस सोपें वाटलें. बेल प्रयोगशाळेंत १९५४ मध्यें उन्हापासून थेट वीज करणारी सिलिकॉनची पहिली कामाची तबकडी सिद्ध झाली, तेव्हां ज्या शहराला तिचें अगत्य सर्वांत अधिक वाटावयाचें तेंच शहर सूर्याकडे पाठ फिरवून बसलें होतें. घरेंहि आतां शीतयंत्राच्या भरंवशावर बांधलीं जाऊं लागलीं. ओसरी गेली, वळचण आंखूड झाली, झडपांचीं दारें केवळ शोभेपुरतीं भिंतीला ठोकलेलीं राहिलीं.

इकडे वाऱ्याचा धडा चालूच होता. २ सप्टेंबर १९३५ रोजीं बेटांच्या माळेवर आलेल्या वादळांत हवेचा दाब ८९२ मिलिबारपर्यंत उतरला. अमेरिकेच्या किनाऱ्यावर इतकें प्रखर वादळ आजवर नोंदलें गेलेलें नाहीं. चारशेंहून अधिक माणसें दगावलीं. त्यांत पहिल्या महायुद्धांतून परतलेले आणि बेकारीमुळें रस्त्याच्या कामावर लागलेले सैनिक फार होते; त्यांस तात्पुरत्या छावण्यांत ठेवलें होतें. त्यांस आणण्यासाठीं निघालेली आगगाडीहि लाटेनें रुळांवरून उलथली. एकटें एंजिन उभें राहिलें. यानंतर रेडक्रॉसच्या साहाय्यानें कांहीं कुटुंबांना लोखंडी सळयांच्या काँक्रीटचीं जाड भिंतींचीं घरें बांधून देण्यांत आलीं. घर जड असावें आणि खडकाला घट्ट धरून असावें, हा त्यांतील विचार. मात्र समुद्राचें मीठ काँक्रीटमध्यें शिरलें कीं आंतली सळई गंजून फुगते आणि भिंत आंतून फुटते. पुढील पिढ्यांस हा दुसरा शत्रु ओळखून काम करावें लागलें.

खरा न्यायनिवाडा झाला तो २४ ऑगस्ट १९९२ रोजीं. ‘अँड्र्यू’ नांवाच्या वादळानें मायामीच्या दक्षिणेकडील वस्त्या पहांटेच्या चार-दोन तासांत झोपविल्या. पंचवीस हजारांहून अधिक घरें नाहींशीं झालीं आणि सुमारें एक लाख मोडकळीस आलीं. वाऱ्याचा वेग तासाला सुमारें २६५ किलोमीटर होता, तेव्हां दोष वाऱ्याचाच, असें म्हणून कोणीहि सुटला असता. पण तज्ज्ञांनीं ढिगारे तपासले तेव्हां चित्र निराळें निघालें. छपराच्या फळ्या बसवितांना खिळ्यांऐवजीं पिना मारलेल्या, आणि त्यांतल्या कित्येक वांशांत न शिरतां शेजारून गेलेल्या. दुपाखी छपराच्या टोकांची त्रिकोणी भिंत मागून आधार नसल्यानें पडलेली. जुनीं घरें उभीं, आणि घाईनें बांधलेलीं नवीं घरें भुईसपाट, असेंहि ठिकठिकाणीं दिसलें. स्वयंसेवकांनीं गरिबांसाठीं हातानें बांधलेलीं घरें टिकलीं. नवशिक्यांनीं भीतीपोटीं खिळे सढळ हातानें ठोकले होते, हें त्यांचें एक कारण सांगितलें जातें.

घर पडतें कसें, हें यांतून नीट कळलें. उडत आलेल्या एखाद्या फळीनें खिडकी फुटते. वारा आंत घुसतो आणि छपराला खालून वर रेटतो. त्याच वेळीं छपरावरून वाहणारा वारा त्याला वर ओढीत असतो. दोन्ही जोर एक झाले कीं छप्पर उचललें जातें, आणि छपरानें धरलेल्या भिंती मग एकेक करून पडतात. म्हणून उपाय दोन. वांसा भिंतीला, भिंत जोत्याला आणि जोतें जमिनीला पोलादी पट्ट्यांनीं व सळयांनीं असें जखडावें कीं सांखळींत कच्चा दुवा राहूं नये; आणि खिडकी फुटूं देऊं नये. १९९४ पासून मायामी भागांत खिडक्यांची परीक्षा घेतली जाऊं लागली. सुमारें चार किलो वजनाची लांकडी तुळई हवेच्या तोफेंतून तासाला ५५ किलोमीटर वेगानें कांचेवर मारतात, आणि मग तीच कांच दाबानें नऊ हजार वेळां आंत-बाहेर हालवितात. १ मार्च २००२ पासून सबंध प्रांताला एकच बांधकाम-संहिता लागू झाली. वायव्येकडील किनाऱ्यानें मात्र खिडक्यांच्या नियमांतून सूट मिळविली आणि कांहीं वर्षें ती भोगली. ऑक्टोबर २०१८ मध्यें ‘मायकेल’ वादळ त्याच किनाऱ्यावर आलें. मेक्सिको बीच गांवाची समुद्राकडील रांगच्या रांग पुसली गेली आणि खोल खांबांवर उभें केलेलें एक काँक्रीटचें घर तेवढें जवळजवळ अभंग राहिलें. त्याच्या तळमजल्याच्या भिंती लाटेनें सुटून जाव्या अशाच केलेल्या होत्या. त्या गेल्या, आणि घर राहिलें.

तरीहि सूर्याचें खातें वेगळेंच चाललें होतें. तेलाच्या टंचाईनंतर १९७५ मध्यें प्रांतानें सौरशक्तीच्या संशोधनासाठीं एक संस्था स्थापिली. तिनें १९९८ मध्यें लेकलँड येथें दोन घरें सारख्याच आराखड्यानें बांधविलीं. त्यांतील एकाला पांढऱ्या कौलांचें छप्पर, तीन फूट रुंद वळचण आणि सूर्यापासून वीज करणाऱ्या तबकड्या दिल्या. शेजारच्या साध्या घराला लागणाऱ्या विजेच्या एक तृतीयांशाहूनहि कमी वीज त्याला पुरली, आणि तीहि बहुतेक त्याच्याच छपरावर तयार झाली. यांत मोठा वांटा तबकड्यांपेक्षां पांढऱ्या रंगाचा आणि सांवलीचा होता. म्हणजे की वेस्टच्या सुतारांचेंच शहाणपण प्रयोगानें सिद्ध झालें. अडचण एवढीच कीं, रुंद वळचण उन्हाला अडविते तशी वाऱ्यालाहि आयती पकड देते. ती ठेवावयाची तर पट्ट्या अधिक बळकट हव्या.

आणि वीज गेली तर ? हा प्रश्न सप्टेंबर २०१७ मधील ‘अर्मा’ वादळानें ऐरणीवर आणला. प्रांतांतील साठ टक्क्यांहून अधिक ग्राहकांची वीज गेली. हॉलिवुड हिल्स येथील एका शुश्रूषागृहाच्या शीतयंत्राचा पुरवठा तुटला, आणि वादळ निघून गेल्यावर, भिंती शाबूत असतांना, १२ वृद्ध उष्म्यानें मरण पावले. छपरांवर तबकड्या असलेल्या पुष्कळ घरांतहि त्या दिवसांत अंधारच होता. तारांवर काम करणाऱ्या मजुरास उलट धक्का बसूं नये म्हणून, सार्वजनिक वीज बंद पडली कीं साधें सौरयंत्रहि आपोआप बंद पडतें. घरांत विजेचा सांठा करणारी बॅटरी आणि बाहेरील तारांपासून घर तोडून घेणारें उपकरण असेल, तरच भर उन्हांत त्या तबकड्यांचा उपयोग. बेलीनें १९०९ मध्यें टाकी वेगळी करून जें साधलें, तेंच येथें विजेच्या बाबतींत साधावयाचें होतें.

दोन्ही धागे अखेर एकत्र आले ते फोर्ट मायर्सच्या ईशान्येस, बॅबकॉक रँच या नव्या वसाहतींत. सिड किट्सन या पूर्वीच्या फुटबॉलपटूनें २००६ मध्यें ही विस्तीर्ण जमीन घेतली, तिचा बहुतेक भाग सरकारास विकून राखीव राहूं दिला, आणि समुद्रापासून दूर, उंचवट्याच्या भागांत गांव वसविलें. २०१८ मध्यें पहिले रहिवासी आले. विजेच्या तारा जमिनीखालून, पाण्याला वाट देणारीं तळीं आणि पाणथळ जागा मुद्दाम राखलेल्या, आणि शेजारीं सुमारें १५० मेगावॅटचें सौरक्षेत्र. २८ सप्टेंबर २०२२ रोजीं ‘इयन’ वादळानें त्या भागांत सुमारें दीडशें बळी घेतले. या गांवांतील दिवे गेले नाहींत. रात्रीची वीज मात्र गांवाला बाहेरूनच, मुख्यतः ज्वालाग्राही वायूवर चालणाऱ्या केंद्रांकडून घ्यावी लागते, हेंहि सांगितलें पाहिजे. कॉर्टेझ येथील एका लहान वसाहतीनें ती उणीव भरून काढली : राहण्याचा मजला उंचावर, छपरावर तबकड्या आणि घरोघर बॅटरी. २०२४ च्या शरदांत दोन आठवड्यांच्या अंतरानें ‘हेलेन’ आणि ‘मिल्टन’ हीं वादळें आलीं, तेव्हां भोंवतालच्या अंधारांतहि त्या घरांतील दिवे चालू राहिले.

अशीं घरें बांधावयास पैसा फार लागतो. प्रांतांत पत्र्याचीं, कारखान्यांत बनवून गाडीनें आणून ठेवलेलीं घरें आजहि लाखोंनीं मोजावीं लागतात. त्यांत निवृत्त म्हातारीं माणसें आणि शेतमजूर राहतात. वादळाचा इशारा निघाला कीं त्यांना दार लावून निघावें लागतें, आणि परत येऊन काय दिसेल हें ठाऊक नसतांना शाळेच्या दिवाणखान्यांत सतरंज्यांवर रात्र काढावी लागते.