रुपयामागे एक आणा

महाराष्ट्रातल्या शहरांत घरपट्टीचे बिल येते, त्यात शिक्षण कराची एक वेगळी ओळ असते. आयकर भरणाऱ्याला करावर आणखी ४ टक्के आरोग्य आणि शिक्षण उपकर द्यावा लागतो. सरकारने शिक्षणावर खर्च करावा हे आज कुणाला पटवून द्यावे लागत नाही, आणि या एका कामासाठी चार पैसे जास्त द्यायला लोक फारशी कुरकुरही करत नाहीत. त्यांचे विचारणे निराळे असते: भरलेला पैसा जातो कुठे? हे विचारणे फार जुने आहे. त्याचे मूळ शेतसाऱ्यात सापडते.

१८६३च्या सुमारास मुंबई इलाख्यात शेतसाऱ्याच्या दर रुपयामागे एक आण्याची जादा पट्टी बसली. १८६९च्या कायद्याने ती पक्की झाली. हाच तो लोकल फंड. जमलेल्या पैशाचे दोन हिस्से रस्त्यांना आणि एक हिस्सा शाळांना, अशी वाटणी होती. पट्टी बसवताना रयतेला कुणी विचारले नव्हते. पण पैसा तिच्या घामाचा होता, आणि म्हणून हिशोब मागण्याचा हक्कही तिचाच होता.

तो हक्क सर्वांत स्पष्ट शब्दांत बजावला जोतीराव फुल्यांनी. १८८२ साली शिक्षणाची पाहणी करणाऱ्या सरकारी हंटर आयोगापुढे त्यांनी निवेदन दिले. त्यातला मुद्दा आजही अंगावर येतो. सरकारी तिजोरी भरते ती मुख्यतः शेतकऱ्याच्या कष्टातून, आणि रिकामी होते ती वरच्या वर्गांच्या उच्च शिक्षणावर, असे त्यांनी दाखवून दिले. वरच्या थरातल्यांना शिकवले की विद्या आपोआप खाली झिरपेल, हा तेव्हाचा सरकारी विश्वास. फुल्यांनी तो साफ नाकारला. पण ते नुसती तक्रार करून थांबले नाहीत. बारा वर्षांच्या वयापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचे करा, खेड्यातला शिक्षक शक्यतो शेतकरी समाजातला आणि नांगर धरायला न लाजणारा असावा, त्याला महिना १२ रुपयांपेक्षा कमी पगार देऊ नका, इतक्या बारकाव्याने त्यांनी खर्चाची मांडणी केली. सरकारी खर्चाकडे करदात्याच्या नजरेने पाहणारे आपल्याकडचे एवढे नेमके दुसरे जुने लिखाण मला तरी माहीत नाही.

सक्तीच्या शिक्षणाचा भार संस्थानांनी आधी उचलला. सयाजीराव गायकवाडांनी १८९३मध्ये अमरेली भागात सुरुवात केली आणि १९०६मध्ये सारे बडोदे राज्य त्याखाली आणले. ब्रिटिश मुलखाला ते का जमू नये, असा सवाल गोपाळ कृष्ण गोखल्यांनी केंद्रीय कायदेमंडळात केला. त्यांचे १९११चे विधेयक खरे तर अतिशय सावध होते. सहा ते दहा वर्षांची मुले, तीही जिथली स्थानिक संस्था तयार असेल तिथलीच. खर्चाचा दोनतृतीयांश भाग सरकारने द्यावा आणि उरलेल्यासाठी स्थानिक संस्थेने शिक्षणपट्टी बसवावी, अशी तजवीज त्यात होती. विधेयक लोकमतासाठी देशभर फिरवले गेले. काँग्रेस आणि मुस्लिम लीग पाठीशी उभ्या राहिल्या. सरकारने पैशांची अडचण पुढे केली, आणि गरिबाची पोरे शाळेत बसली तर शेतावर राबणार कोण, ही जमीनदारांची धास्तीही आड आली. मार्च १९१२मध्ये १३ विरुद्ध ३८ मतांनी ते फेटाळले गेले. त्या ३८ मतांमुळे किती पिढ्या पाटीपेन्सिलीला मुकल्या, याची चुटपुट अजून लागते.

पुढे १९१७मध्ये शाहू महाराजांनी कोल्हापुरात प्राथमिक शिक्षण सक्तीचे आणि मोफत केले. १९१८मध्ये विठ्ठलभाई पटेलांच्या प्रयत्नाने मुंबई इलाख्यातल्या नगरपालिकांना सक्तीची वाट खुली झाली. लोक सरकारची वाट पाहत बसले होते असेही नाही. कर्मवीर भाऊराव पाटलांच्या रयत शिक्षण संस्थेने मुष्टिफंड काढला, तेव्हा घराघरांतल्या बायांनी दळणातले मूठभर धान्य वसतिगृहाच्या पोरांसाठी बाजूला काढले. कुठल्याही पाहणीपेक्षा मला हा लोकमताचा मोठा पुरावा वाटतो.

स्वातंत्र्यानंतर १९६२च्या कायद्याने महाराष्ट्राने शिक्षण कर आणला. घरपट्टीच्या बिलातली ती ओळ इथली. कोठारी आयोगाने १९६६मध्ये राष्ट्रीय उत्पन्नाच्या ६ टक्के रक्कम शिक्षणाला द्या असे सांगितले. सरकारे बदलली, जाहीरनाम्यांत ६ टक्के कायम राहिले. प्रत्यक्ष सरकारी खर्च तिथवर कधीच पोचला नाही. २००४मध्ये केंद्राने २ टक्के शिक्षण उपकर बसवला, २००७मध्ये माध्यमिक आणि उच्च शिक्षणासाठी आणखी १ टक्का वाढवला. प्राथमिकसाठी स्वतंत्र कोष लगेच झाला. त्या एका टक्क्यासाठीच्या कोषाला मंत्रिमंडळाची मंजुरी मिळायला २०१७ साल उजाडले. दहा वर्षे लोक नेमाने भरत होते आणि पैसा सरकारच्या सर्वसाधारण तिजोरीत मिसळत होता. महालेखापरीक्षकांनी यावर बोट ठेवले होते. २०१८पासून तर आरोग्य आणि शिक्षण एकाच उपकरात गेले. शिवाय उपकर राज्यांशी वाटून घेण्याचे बंधन केंद्रावर नाही. राज्यांकडे पैसा येतो तो योजनांच्या वाटेने, केंद्राच्या अटींवर.

इकडे वाडीवस्तीवरच्या जिल्हा परिषद शाळांची पटसंख्या मोजून त्या जवळच्या शाळेत मिळवण्याचे घाट घातले जातात, तेव्हा खर्च परवडत नाही असे कारण निघते. तसा प्रस्ताव ज्या गावात जाईल, तिथल्या ग्रामसभेपुढे त्याआधी एक कागद ठेवला गेला पाहिजे: शिक्षणाच्या नावाने गेल्या दहा वर्षांत किती वसूल झाले, त्यातले आपल्या जिल्ह्यात किती आले आणि या शाळेवर किती लागले. मग गावाला ठरवू द्या.