तळटीप : रुंद फाळाचा बाण

* रुंद फाळ : बाणाच्या अग्रावर बसवलेले, धारदार पाती असलेले पोलादी टोक, सरावाच्या बाणांना असते ते नुसते निमुळते टोक येथे अभिप्रेत नाही. बाण जनावराला मारतो तो मुख्यतः रक्तस्रावाने, त्यामुळे बोथट फाळ कितीही महागडा असला तरी निरुपयोगी, किंबहुना क्रूर ठरतो. लाँगबो वा रिकर्व्ह या पारंपरिक धनुष्यांतून सुटणारा बाण, कप्प्या बसवलेल्या आधुनिक कंपाउंड धनुष्याच्या बाणापेक्षा बराच मंद असतो. म्हणून आदळल्यावर उघडणारी पाती, ज्यांच्या उघडण्यातच बाणाची काही ऊर्जा खर्ची पडते, एल्क वा मूस अशा थोराड हरिणवर्गीय प्राण्यांसाठी अमेरिकेतील जाणकार सहसा टाळतात आणि लांबी रुंदीच्या सुमारे तिप्पट असलेला, दोन पात्यांचा भक्कम फाळ पसंत करतात. तीन पात्यांनी जखम अधिक मोकळी होते खरी, पण बाण तितका खोल जात नाही. अमेरिकन धनुर्धारी शिकारी फ्रेड बेअर यांनी 1956 साली आणलेल्या ‘रेझरहेड’ने यात तडजोड साधली : दोन पात्यांच्या फाळातील खाचेत दाढीच्या ब्लेडसारखे पातळ पाते आडवे सरकवता येई. एकाच अंगाने उतार देऊन धार लावलेला फाळ शिरताना फिरतो आणि हाड फोडू शकतो. मात्र त्या उताराची दिशा बाणाच्या पिसांच्या वळणाशी जुळवावी लागते, नाहीतर बाणाचे फिरणे आत शिरताना उलटते. भारतीय वाचकापुरते सांगायचे, तर वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, 1972 अन्वये संरक्षित वन्य प्राण्यांची शिकार, मग ती धनुष्याने का असेना, गुन्हा आहे. — संपादक