शंकर आबाजी भिसे आणि शिशाचे खिळे

आपल्या फडताळातले एखादे जुने पंचांग किंवा मासिक काढा आणि पानाच्या मागच्या अंगाने बोट फिरवा. अक्षरांचा उठाव हाताला लागेल. तो खिळ्यांचा. शिसे, अँटिमनी आणि कथील यांचा रस साच्यात ओतून खिळे पाडीत. देवनागरीला काने-मात्रा, वेलांट्या, जोडाक्षरे धरून शेकडो प्रकारचे खिळे लागत. निर्णयसागरच्या जावजी दादाजींनी स्वतःची टाइप फाउंड्री चालवली ती उगाच नव्हे.

हे ओतकाम झपाट्याने व्हावे, या ध्यासाने मुंबईचे शंकर आबाजी भिसे (जन्म १८६७) लंडनमध्ये राबले. आपोआप वजन करणाऱ्या यंत्राने त्यांचे नाव आधीच झाले होते. ओतकामात अडचण अशी, की रस थिजायला वेळ लागतो आणि साचा तापत जातो. घाई केली तर खिळा पोकळ निघतो. भिसे यांनी आपल्या ‘भिसोटाइप’साठी मिनिटाला १,२०० खिळ्यांचा दावा केला. जाणकारांचा विश्वास बसेना.

पेटंट मिळाले, पण पेटंट म्हणजे दुसऱ्याला मनाई करण्याचा हक्क. त्याने कारखाना उभा राहत नाही. ते प्रत्येक देशात वेगळे घ्यायचे, आणि ब्रिटनमध्ये तर काही वर्षांनंतर ते टिकवायलाही दरसाल फी. दादाभाई नौरोजींनी हात दिला. पुढे गोखल्यांच्या खटपटीने सर रतन टाटांचे भांडवल आले, १९१० मध्ये मंडळी निघाली आणि महायुद्धात गुंडाळली गेली. माझ्या मते मुख्य घाव निराळाच होता. जुळणी करता करताच अक्षरे ओतणारी लिनोटाइप आणि मोनोटाइप यंत्रे तोवर बाजारात रुजली होती. सुट्या इंग्रजी खिळ्यांचे गिऱ्हाईकच आटत चालले होते.

भिसे यांना ‘हिंदुस्थानचे एडिसन’ म्हणतात. मला ती पदवी रुचत नाही. एडिसनच्या दिव्यामागे मॉर्गनसारखे सावकार पहिल्यापासून उभे होते. त्या पदवीने नेमके हेच झाकले जाते.

ते अमेरिकेला गेले. तिथे पैसा दिला तो यंत्राने नव्हे, आयोडीनच्या ‘अटॉमिडीन’ या औषधाने. १९३५ मध्ये न्यूयॉर्कला ते वारले. आपल्याकडच्या बहुतेक छापखान्यांत तेव्हा, आणि पुढेही कित्येक वर्षे, कंपोझिटर केशीसमोर उभे राहून हातानेच खिळे उचलीत होते.